लोणारचें हिरवें पाणी

लोणार हें नांव उच्चारलें कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें तो प्रचंड वाटोळा खळगा उभा राहतो. बुलढाणा जिल्ह्यांतील काळ्या पाषाणांत सुमारें १·८ किलोमीटर व्यासाचा हा खळगा आकाशांतून आलेल्या उल्केच्या आघातानें पडला, हें आतां शास्त्रज्ञांनीं मान्य केलें आहे. लवणासुराची आणि दैत्यसूदनाची कथाही पुष्कळांस ठाऊक असते. परंतु कडेवर उभें राहून खालीं पाहणारास जी गोष्ट प्रथम दिसते, तिच्याविषयीं मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. ती गोष्ट म्हणजे पाण्याचा रंग. हें पाणी एरवीं निळें नसतें, हिरवें असतें. आणि तो हिरवेपणा पाण्याचा नव्हे, तर पाण्यांत राहणाऱ्या असंख्य सूक्ष्म शैवालांचा होय. नुसत्या डोळ्यांनीं एकेकटीं न दिसणारीं हीं शैवालें मोजण्याची आणि कुपींत वाढविण्याची विद्या मनुष्यानें कशी संपादन केली, आणि लोणारसारख्या खाऱ्या सरोवरांचा त्या विद्येशीं काय संबंध आहे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम, हें पाणी खारें कां झालें तें पाहूं. लोणारच्या खळग्यांत पाणी येण्याच्या वाटा आहेत, बाहेर वाहून जाण्याची वाट नाहीं. कडेवर धार आहे, उतारावर झरे आहेत, आणि पावसाळ्यांत चोहोंकडून ओहोळ उतरतात. हें येणारें पाणी गोडें असतें. परंतु काळ्या पाषाणांतून झिरपतांना तें सोडियम, कॅल्शियम इत्यादींचे क्षार अल्प प्रमाणांत बरोबर आणतें. उन्हानें पाणी आटतें, क्षार मागें राहतात. त्यांपैकीं कॅल्शियम चुनखडीच्या रूपानें तळाशीं बसतो आणि सोडियमचे क्षार पाण्यांतच सांचत जातात. अशा दीर्घकाळ चाललेल्या आटवणीनें येथें जणूं पापडखाराचें द्रावण तयार झालें आहे. आम्लता व क्षारता मोजण्याच्या ज्या मापावर शुद्ध पाण्याचा अंक ७ येतो, त्या मापावर लोणारच्या पाण्याचा अंक सामान्यतः १० च्या आसपास असतो. एवढ्या क्षारांत बहुतेक जलचर टिकत नाहींत. जे टिकतात, त्यांस प्रतिस्पर्धी थोडे असल्यामुळें त्यांची वाढ मात्र अमर्याद होते.

लोणारकडे मनुष्याचें लक्ष गेलें तें या क्षारामुळें. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ऐन-इ-अकबरींत वऱ्हाड सुभ्याचें वर्णन करितांना अबुल फजलनें लोणारचा उल्लेख केला असून, कांच आणि साबण करण्यास लागणारें साहित्य तेथें मिळतें, असें म्हटलें आहे. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें कीं कांठावर जे थर उरत, त्यांस डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशीं निरनिराळीं नांवें होतीं. ज्या लोकांनीं एकाच खाराच्या इतक्या जाती ओळखल्या, त्यांची पारख सामान्य नव्हती. १८२३ सालीं अलेक्झांडर नांवाचा ब्रिटिश अधिकारी येथें येऊन गेला. १८९६ सालीं अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञ गिल्बर्ट यानें अरिझोनांतील खळग्याची चर्चा करितांना लोणारशीं त्याची तुलना केली. १९१२ सालीं ला टूश आणि ख्रिस्ती यांनीं भारतीय भूगर्भ पाहणी खात्यातर्फे येथील क्षारांविषयीं सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. आणि १९७३ सालीं उल्कापाताचा पुरावा जगापुढें मांडण्यांत आला. या दीर्घ काळांत विद्वानांची दृष्टि खाराकडे तरी होती, पाषाणाकडे तरी होती. हिरव्या रंगाकडे पाहण्याची विद्या निराळ्याच मार्गानें, निराळ्याच देशांत वाढत होती.

तिचा आरंभ हॉलंडमधील डेल्फ्ट शहरीं झाला. तेथील कापडाचा व्यापारी लेवेनहूक हा स्वतः घांसलेल्या भिंगांतून सूक्ष्म वस्तु पाहण्यांत गढून गेलेला असे. शहराजवळ एक मोठें तळें होतें. हिंवाळ्यांत त्याचें पाणी निर्मळ असे, आणि उन्हाळा आला कीं तें गढूळ होऊन त्यांत हिरवे पुंजके तरंगूं लागत. आसपासचे लोक म्हणत, हें दंवामुळें होतें. लेवेनहूकनें त्या समजुतीवर वाद घातला नाहीं. त्यानें थोडें पाणी कांचेच्या नळींत भरून घरीं नेलें आणि भिंगाखालीं धरलें. त्यांत त्यास केंसासारखे बारीक तंतु दिसले, आणि तंतूंच्या आंत नागमोडी वळणाचे हिरवे पट्टे दिसले. १६७४ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीस पाठविलेल्या पत्रांत त्यानें हें वर्णन केलें. तळ्याचा रंग तळ्यांतील जीवांवरून ठरतो, ही गोष्ट येथून पुढें सिद्ध होत गेली.

पाहणें झालें, तरी मोजणें व्हावयाचें होतें. जर्मनींतील कील येथील शास्त्रज्ञ व्हिक्टर हेन्सेन यास समुद्रांत मासे किती पोसले जाऊं शकतात, हें जाणावयाचें होतें. माशांचें अन्न लहान जीव, आणि त्या जीवांचें अन्न पाण्यांत तरंगणारीं शैवालें. तेव्हां हिशेब तळापासून मांडावयास हवा. पीठ चाळण्याच्या गिरण्यांत जें अत्यंत बारीक विणीचें रेशमी कापड वापरीत, त्याचें शंकूसारखें जाळें त्यानें करविलें, तें ठराविक खोलींतून वर ओढलें, आणि त्यांत सांपडलेले जीव एक एक करून मोजविले. पाण्याबरोबर वाहत राहणाऱ्या या सर्व जीवसृष्टीस १८८७ सालीं त्यानेंच प्लवक, म्हणजे प्लँक्टन, हें नांव दिलें.

परंतु जाळें जें पकडतें तेंच आपणांस दिसतें, हा दोष या रीतींत होता, आणि तो एका क्षुद्र जलचरानें उघडकीस आणला. समुद्रांतील एक लहानसा पारदर्शक प्राणी आपल्याभोंवतीं चिकट द्रव्याचें घर बांधतो आणि त्यांतील गाळणीनें अन्न गाळून खातो. हेन्सेनचा सहकारी लोमान यानें ती गाळणी तपासली, तेव्हां रेशमी जाळ्यांत कधींच न सांपडलेलीं अतिसूक्ष्म शैवालें तींत भरलेलीं आढळलीं! मनुष्याच्या जाळ्याहून त्या प्राण्याचें जाळें अधिक बारीक होतें. मग लोमाननें पाणी वेगानें फिरवून त्यांतील गाळ खालीं बसविण्याचा उपाय योजिला, आणि १९११ सालीं या निसटून जाणाऱ्या सृष्टीस निराळें नांव दिलें. पाहणी करणारानें कोणती गाळणी वापरली हें सांगितल्यावांचून त्याच्या यादीस अर्थ नसतो, हा धडा तेव्हांपासून कायमचा झाला.

आपल्या देशांत ही विद्या प्रथम मोठ्या प्रमाणावर उपयोगांत आली ती ओरिसांतील चिल्का सरोवरांत. समुद्राचें खारें आणि नद्यांचें गोडें पाणी जेथें ऋतुमानाप्रमाणें मिसळतें, असें हें विस्तीर्ण मचूळ सरोवर आहे. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधील ॲनंडेल व त्यांचे सहकारी यांनीं विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत त्यांतील प्राणिसृष्टीची पाहणी केली, आणि १९३२ सालीं कालिपद बिस्वास यांनीं तेथील शैवालांवर ग्रंथरूप निबंध प्रसिद्ध केला. मद्रास येथें एम. ओ. पी. अय्यंगार यांनीं शैवालशास्त्राची परंपराच निर्माण केली. १९३९ सालीं पी. के. डे यांनीं असें दाखविलें कीं, भातखाचरांतील नील-हरित शैवालें हवेंतील नत्र जमिनींत आणतात. ज्या शेंवाळावरून शेतकऱ्याचा पाय घसरत असे, तेंच त्याच्या पिकास खत देत होतें.

आतां संवर्धनाकडे वळूं. बाटलींत तळ्याचें पाणी भरून ठेवलें म्हणजे शैवाल वाढतें खरें; पण त्यांत शेंकडों जाती एकत्र असतात, आणि कोणता गुण कोणाचा हें कळत नाहीं. त्यासाठीं एकाच पेशीपासून वाढलेला, इतरांचा संसर्ग नसलेला वंश हवा. हें कार्य १८९० सालीं साधलें, आणि योगायोग असा कीं तेंही डेल्फ्ट शहरींच साधलें. बायरिंक या शास्त्रज्ञानें तळ्याचें पाणी सरसाच्या पातळ थरांत मिसळून तबकडीवर पसरलें. थर गोठल्यावर प्रत्येक पेशी जागच्या जागीं अडकून पडली आणि तिच्यापासून एक एक हिरवा ठिपका वाढला. असा एक ठिपका उचलून त्यानें क्लोरेला या शैवालाचें शुद्ध संवर्धन केलें. १८८९ सालीं त्यानें डेल्फ्ट येथें पकडलेल्या क्लोरेलाचा वंश जर्मनींतील ग्योटिंगेनच्या संग्रहांत आजही जिवंत ठेवलेला आहे. त्या शैवालाच्या पिढ्या मात्र अखंड नळींतून नळींत उतरत आल्या आहेत.

हें जतन करणें वाटतें तितकें सोपें नसतें. प्रागच्या जर्मन विद्यापीठांत अर्न्स्ट प्रिंग्सहाइम या वनस्पतिशास्त्रज्ञानें शैवालांचा मोठा संग्रह वाढविला होता. तो ज्यू असल्यामुळें १९३८ सालीं त्यास देश सोडून इंग्लंडास जावें लागलें. जातांना त्यानें आपल्या नळ्या बरोबर नेल्या, आणि केंब्रिज येथें त्या पुन्हां मांडल्या. युद्धानंतर, १९५३ सालीं, तो ग्योटिंगेनला गेला आणि तेथें दुसरा संग्रह उभा राहिला. जगांतील दोन प्रमुख शैवालसंग्रहांचें मूळ अशा एका निर्वासिताच्या सामानांत आहे.

येथवर मीं प्रयोगशाळेचा इतिहास सांगितला. परंतु शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधीं, सूक्ष्मदर्शक यंत्राचें नांवही न ऐकलेल्या लोकांनीं खाऱ्या सरोवरांतील शैवाल ओळखलें होतें आणि ते तें खात होते. मेक्सिकोंतील टेक्सकोको सरोवराचा एक भाग असाच सोडायुक्त होता. सोळाव्या शतकांत स्पॅनिश लोक तेथें आले तेव्हां बाजारांत त्यांस हिरव्या-निळ्या वड्या विकावयास ठेवलेल्या दिसल्या. सरोवराच्या पृष्ठभागावरील चिखलासारखा साका बारीक जाळ्यांनीं काढून, वाळवून त्या केलेल्या असत, आणि त्यांची चव चीजसारखी लागे, असें बर्नाल डियाझ या शिपायानें लिहून ठेविलें आहे. बर्नार्दिनो द साहागुन या पाद्र्यानें तिचें टेकुइटलाट्ल हें देशी नांवही नोंदविलें. पुढें राजधानीस पुराचें भय नको म्हणून १६०७ पासून सरोवरांचें पाणी बाहेर काढण्याचीं कामें सुरू झालीं. सरोवर आक्रसत गेलें आणि त्याबरोबर तें अन्नही लोकांच्या स्मरणांतून गेलें.

तेंच अन्न आफ्रिकेंत चाड सरोवराच्या कांठीं, कानेम प्रांतांत, पुन्हां आढळलें. तेथील स्त्रिया सोडायुक्त डबक्यांतील हिरवी साय गोळा करून वाळूंतील उथळ खळग्यांत ओततात. पाणी वाळूंत जिरतें, वर राहिलेल्या थराचे तुकडे कापून वाळवितात, आणि बाजरीबरोबर खावयाच्या कालवणांत घालतात. या वड्यांस दिहे म्हणतात. त्यांचा एक नमुना फ्रान्सला पोंचला आणि पियेर डांझार यानें १९४० सालीं त्यांतील वळसेदार शैवाल ओळखून निबंध लिहिला. पण तें महायुद्धाचें वर्ष होतें. निबंधाकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं. १९६४-६५ सालीं बेल्जियन वनस्पतिशास्त्रज्ञ लेओनार सहाराच्या सफरीवर असतांना त्यास बाजारांत त्याच हिरव्या वड्या दिसल्या, आणि तेव्हां कोठें जगास या शैवालाची ओळख झाली. तेंच स्पायरुलिना होय. वर्गीकरणकारांनीं त्यास आर्थ्रोस्पायरा या निराळ्या गणांत घातलें. व्यापारांत मात्र जुनेंच नांव रूढ राहिलें. वास्तविक तें खरें शैवालही नव्हे, प्रकाशावर जगणारा एक जंतु आहे. परंतु नील-हरित शैवाल हें त्याचें नांव आतां बदलण्यासारखें नाहीं.

अझ्टेकांनीं आणि कानेमच्या स्त्रियांनीं नेमकें हेंच शैवाल कां निवडलें? याचें उत्तर त्याच्या बांध्यांत आहे. क्लोरेलाची पेशी इतकी बारीक असते कीं ती कोणत्याही कापडांतून निसटते. स्पायरुलिना तंतुमय असून त्याचा तंतु मळसूत्रासारखा वळलेला असतो, म्हणून तो साध्या कापडांत अडकतो. शिवाय त्याच्या पेशींत हवेच्या सूक्ष्म पोकळ्या असल्यामुळें तो पृष्ठभागावर तरंगत येतो. आणि सोड्याच्या पाण्यांत दुसरें फारसें कांहीं वाढत नसल्यामुळें निसर्गानेंच तेथें शुद्ध संवर्धन केलेलें असतें. हेन्सेनच्या रेशमी जाळ्यानें जें पुढें शिकविलें, तें या लोकांस अनुभवानें ठाऊक होतें.

टेक्सकोकोच्या उरलेल्या पाण्यांतून सोडा काढणाऱ्या कारखान्याच्या तळ्यांत हेंच शैवाल माजूं लागलें, तेव्हां त्याचा शास्त्रीय अभ्यास फ्रान्समध्यें सुरू झाला. झारूक यानें १९६६ सालीं पॅरिस येथें सादर केलेल्या प्रबंधांत त्याच्या वाढीसाठीं एक द्रावण सांगितलें, तें आजही सर्वत्र प्रमाण मानलें जातें. एका लिटर पाण्यांत १६·८ ग्रॅम खाण्याचा सोडा, २·५ ग्रॅम सोडियम नायट्रेट, अर्धा ग्रॅम पोटॅशियमचें फॉस्फेट, आणि मीठ, लोह, मॅग्नेशियम इत्यादि थोडथोडें. ही कृति ऐकतांच लक्षांत येईल कीं हें दुसरें कांहीं नसून बाटलींत उतरविलेलें सोडा-सरोवर आहे. आपल्याकडे म्हैसूरच्या मध्यवर्ती अन्नतंत्र संशोधन संस्थेनें १९७० च्या दशकांत शैवालांच्या लागवडीचें काम हातीं घेतलें. वाळलेल्या स्पायरुलिनांत सुमारें ६० टक्के प्रथिनें असतात, हें खरें. परंतु त्यांतील ब-१२ हें जीवनसत्त्व बव्हंशीं आपल्या शरीरास उपयोगी न पडणाऱ्या रूपांत असतें. आणि मोकळ्या पाण्यांतून काढलेल्या शैवालांत विषारी जातीही मिसळलेल्या असूं शकतात. म्हणून खाण्यापूर्वीं मोजणी, आणि मोजणीपूर्वीं ओळख, हा क्रम सोडून चालत नाहीं.

आतां पुन्हां लोणारकडे येऊं. या सरोवराच्या हिरवेपणांतही हेंच वळसेदार शैवाल प्रमुख आहे. १९४६ सालीं पुण्यास शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकारानें जी विज्ञानसंस्था स्थापन झाली आणि जी पुढें त्यांच्याच नांवानें ओळखली जाऊं लागली, तेथील संशोधकांनीं १९९३ सालीं एका निबंधांत लोणारच्या पाण्यांत पोषकद्रव्यें वाजवीपेक्षां अधिक जमत असल्याकडे लक्ष वेधलें. २०२० सालच्या जून महिन्यांत पाणी एकाएकीं गुलाबी झालें. लोकांनीं नाना तर्क केले. त्याच संस्थेनें नमुने तपासून सांगितलें कीं, पाणी आटून क्षार वाढल्यामुळें खारांत जगणारे गुलाबी रंगाचे सूक्ष्म जीव बळावले आहेत. लेवेनहूकच्या शेजाऱ्यांचें दंव आणि हे तर्क यांत फारसें अंतर नाहीं; आणि दोन्ही वेळां उत्तर नळीभर पाण्यानेंच दिलें. त्याच वर्षीं लोणारची गणना रामसर करारांतील महत्त्वाच्या पाणथळ जागांत झाली.

या घटनेचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. लोणारची जीवसृष्टि येणारें पाणी आणि आटणारें पाणी यांच्या तोलावर उभी आहे. पाणी फार आटलें तर शैवाल हटतें आणि गुलाबी जीव येतात; गोडें पाणी फार आलें तर क्षार पातळ होऊन तळ्या-विहिरींतील सामान्य शेंवाळ आंत शिरेल; सांडपाणी आलें तर तिसराच प्रकार होईल. आघातानंतर अगणित वर्षें लागून जमलेला हा मेळ मोडण्यास थोडीं वर्षें पुरतील. तो मोडूं लागला आहे कीं नाहीं, हें डोळ्यांनीं कळत नाहीं. रंग पालटेपर्यंत पुष्कळ कांहीं होऊन गेलेलें असतें. तें कळण्याचा एकच मार्ग आहे: वर्षानुवर्षें, प्रत्येक ऋतूंत, त्याच ठिकाणचें, त्याच खोलीवरचें पाणी, त्याच गाळणीनें गाळून मोजणें, आणि तें आंकडे जपून ठेवणें.

यावर कोणी म्हणेल, शैवालाचा वंश प्रयोगशाळेंत सुरक्षित असला म्हणजे झालें. या प्रश्नाचें उत्तर टेक्सकोकोनें दिलेलें आहे. तेथील शैवाल आज जगभर कारखान्यांत वाढतें. त्याच्या गोळ्या औषधांच्या दुकानांत मिळतात. पण तें जेथें बाजारांत वड्यांच्या रूपानें विकलें जात असे, त्या सरोवराचा बहुतेक भाग शहराखालीं गेला. शिवाय नळींत आपण तेवढेच जीव वाढवूं शकतों, ज्यांस आपण केलेलें द्रावण मानवतें. जाळ्यानें लोमानच्या शैवालांस वगळलें, तसें द्रावणही अनेकांस वगळतें. लोणारच्या एका थेंबांत ज्यांस अद्यापि कोणी वाढविलेलें नाहीं, असे जीव नळींत नाहींत. ते केवळ त्या पाण्यांत आहेत. संग्रह हा सरोवराचा वारस होऊं शकेल, पर्याय होऊं शकणार नाहीं.

खार वेंचणाऱ्या लोणारच्या जुन्या लोकांनीं एका क्षाराच्या चार जाती ओळखल्या आणि त्यांस नांवें दिलीं, कारण त्यांचा चरितार्थ त्यावर होता. आज आपला चरितार्थ त्यावर नाहीं. म्हणून ओळख ठेवण्याची जबाबदारी कमी होत नाहीं, उलट ती आपण होऊन घ्यावी लागते. जवळच्या शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांस एक साधें सूक्ष्मदर्शक यंत्र, कांहीं कांचेच्या कुप्या, विणीचा अंक ठाऊक असलेलें कापड आणि एक नोंदवही एवढें साहित्य मिळालें, तर या कामाचा मोठा भाग ते करूं शकतील. वही मात्र एका वर्षानें बंद होतां कामा नये. सरोवराची दैनंदिनी दहा वर्षांची झाली म्हणजे ती बोलूं लागते, आणि पन्नास वर्षांची झाली म्हणजे तिचें म्हणणें कोणासही नाकारतां येत नाहीं.